डरहॅम: छोट्या, जुन्या गावात विद्यार्थी म्हणून राहताना

वेअरकाठची

इंग्लंडला शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे लंडन, मँचेस्टर, फार तर बर्मिंगहॅम एवढीच नावं निघतात. डरहॅमचं नाव घेतलं की लोक विचारतात, हे नक्की कुठे आलं? या वर्षी तिथलं प्रवेशपत्र हातात असलेल्या बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा धागा काढते. मी तिथे मास्टर्स केलं आणि नंतर पीएचडीसाठीही तिथेच राहिले. अजून तिथेच आहे.

आधी गाव. इंग्लंडच्या ईशान्येला, लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेनं साधारण तीन तास. कागदोपत्री ते शहर आहे, पण वस्ती ५० हजारांच्या आसपास, त्यामुळे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव. त्यात विद्यार्थी २० हजारांहून जास्त. हा एक आकडा लक्षात ठेवलात तर पुढचं बरंच काही आपोआप कळेल.

वेअर नदी गावाला वळसा घालून जाते. त्या वळशात उंच खडकाळ भूशिर आहे, त्यावर कॅथेड्रल आणि किल्ला समोरासमोर उभे आहेत. किल्ला १०७२ मध्ये सुरू झाला, कॅथेड्रल १०९३ मध्ये. १९८६ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसा स्थळ आहेत. १८३६ पर्यंत इथले बिशप या मुलखाचे जवळजवळ राजेच होते. विद्यापीठ १८३२ चं. ते स्थापन झाल्यावर बिशपांनी हा किल्लाच विद्यार्थ्यांना राहायला देऊन टाकला. आजही 'युनिव्हर्सिटी कॉलेज'ची मुलं तिथे राहतात आणि साताठशे वर्षं जुन्या दालनात जेवतात. दाराशी पर्यटक तिकीट काढून फेरफटक्यासाठी उभे असतात आणि त्यांच्या बाजूनं एखादा मुलगा धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन आत जातो. जुनी वास्तू अशी वापरात असलेली मला फार आवडते. कुलूपबंद वारशापेक्षा हे कितीतरी चांगलं.

रोजचं आयुष्य पायी चालतं. भूशिरावरच्या 'बेली' या गल्लीतून निघालं की पंधराएक मिनिटांत विज्ञान विभाग आणि बिल ब्रायसन लायब्ररी. रस्ते गोट्या-दगडांचे आणि चढउताराचे. चाकांची मोठी सुटकेस घेऊन सॅडलर स्ट्रीट चढणं हा प्रत्येकाचा पहिला धडा. अभ्यासाचं सत्र छोटं आणि घट्ट असतं. मायकलमस, एपिफनी आणि ईस्टर अशी तीन सत्रं, प्रत्येक नऊ-दहा आठवड्यांचं. सत्र सुरू असलं की गाव भरलेलं, संपलं की एका शनिवारात रिकामं. दुकानांच्या वेळासुद्धा त्याप्रमाणे बदलतात.

मला एक पूल दाखवायचा आहे, मग थांबते. किंग्जगेट पूल. ओव्ह अरुप या अभियंत्यानं १९६३ मध्ये बांधला, आणि स्वतःच्या कामांत तो त्याचा फार लाडका होता. पुलाचे दोन अर्धे भाग दोन काठांवर नदीला समांतर बांधले आणि मग माणसांनी हातांनी फिरवून मधोमध जुळवले. जिथे ते जुळतात तिथे कठड्याशी थांबून खाली पाहा. ब्राँझचा सांधा आहे, एकमेकांत अडकलेली टी आणि यू ही दोन अक्षरं. टी म्हणजे टाऊन, यू म्हणजे युनिव्हर्सिटी. रोज हजारो मुलं त्यावरून घाईत जातात. मला वाटतं, डरहॅमला येणाऱ्यानं हा सांधा पहिल्या आठवड्यातच पाहावा. इथे शिकायचं म्हणजे या दोन्हींत राहायचं. बरीच मुलं फक्त यूमध्ये राहून परत जातात, आणि अर्धं गाव न बघताच जातात.

विचारा काय विचारायचं ते.

---

अबोली_१२

फार छान लिहिलंयस. माझ्या मुलीला तिथे मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरमध्ये जायचंय. आम्ही सांगलीचे. 'कॉलेज' म्हणजे नेमकं काय ते समजत नाहीये. ती शिकणार विद्यापीठात, मग कॉलेज कुठून आलं? आणि जेवणाचं काय? शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. घरात सगळ्यात लहान, त्यामुळे आमचा जीव जरा वरखाली होतोय.

---

टेकडीवरचा

काकू, मी सांगतो. मी पदवीला आहे, तिसरं वर्ष.

इथे कॉलेजात शिकवत नाहीत. शिकवणं विभागात होतं, कॉलेज म्हणजे राहायची जागा आणि तुमची माणसं. अशी १७ कॉलेजं आहेत. काही भूशिरावर, त्यांना बेलीची म्हणतात, आणि बरीचशी दक्षिणेच्या टेकडीवर. प्रत्येकाचा स्वतःचा बार, लायब्ररी, संघ, गायनवृंद, नाटकमंडळी. प्रत्येक कॉलेजात मुलांची हालहवाल बघायला वेगळी माणसं नेमलेली असतात. रात्री दोन वाजता पोर्टर, म्हणजे कॉलेजच्या दारावरचा माणूस, जागा असतो. मला पहिल्या हिवाळ्यात ताप आला तेव्हा वर येऊन विचारपूस करणारा माणूस पोर्टरच होता.

आल्या आल्या तुम्हाला कॉलेजातले 'आईबाबा' मिळतात, म्हणजे वरच्या वर्षाची दोन मुलं. कुठली बस, कुठलं दुकान, कुठल्या प्राध्यापकाकडे काय विचारायचं, सगळं तेच सांगतात. माझी कॉलेजातली आई यॉर्कशायरची होती. तिनं मला पहिल्या आठवड्यात चांगला रेनकोट घ्यायला लावला.

जेवणाचं दोन प्रकारचं असतं. काही कॉलेजांत मेस, काहींत स्वतः रांधायचं. जोसेफिन बटलर, साऊथ आणि फक्त पदव्युत्तर मुलांसाठी असलेलं उस्टिनोव्ह, इथे स्वतः रांधता येतं. मुलीला हे बरं पडेल. मेसमध्ये शाकाहारी पदार्थ रोज असतो, पण उकडलेल्या भाज्या आणि चीज यावर आपलं पोट किती दिवस भरणार? मोठं टेस्को सुपरमार्केट ड्रॅगनव्हिलला आहे. तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्यासाठी लागणारे दगडफूल-नागकेशर असलं काही हवं तर न्यूकॅसलचा वेस्ट रोड. रेल्वेनं पंधरा मिनिटं, पुढे बस. आम्ही चारपाच जण मिळून जातो आणि महिन्याचं सामान घेऊन येतो. पीठ तिथूनच घ्या. बॅगेत पीठ आणू नका, त्या वजनात लोकरीचे कपडे आणा.

स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म मात्र फार हळवा असतो. फोडणी देताना खिडकी उघडी, दार बंद, पंखा चालू, आणि तेल तापायच्या आधीच मोहरी टाकायची नाही, मंद आचेवर धीरानं घ्यायचं. अलार्म झाला तर सगळ्या इमारतीला थंडीत बाहेर उभं राहावं लागतं.

---

टाईनकाठ

मी या भागात पंचवीसेक वर्षं आहे, आधी न्यूकॅसल, आता डरहॅमच्या जवळच्या एका गावात. वेअरकाठचीनं टी आणि यूबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, म्हणून टीबद्दल लिहितो. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हा भाग सहसा येतच नाही.

डरहॅम परगणा कोळशाचा. एकेकाळी इथे लाखाहून जास्त माणसं खाणीत उतरत. आजूबाजूची जी छोटी गावं बसमधून दिसतात, एका रांगेतली विटांची घरं, एक क्लब, एक चॅपल, ती बहुतेक खाणीसाठी वसलेली. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप इथे घराघरांत घडला. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि तो विषय संपला. कोळसा गेला, त्याच्या जागी तेवढी कामं आली नाहीत. म्हणजे जगभरातून मुलं येतात त्या विद्यापीठापासून बसनं अर्ध्या तासावर पिढ्यान् पिढ्या अडचणीत असलेली गावं आहेत. इथे राहून शिकणाऱ्यानं हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी एक दिवस राखून ठेवा. जुलैचा दुसरा शनिवार, डरहॅम मायनर्स गाला. इथले लोक त्याला 'बिग मीटिंग' म्हणतात. पहिला मेळावा १८७१ चा. सकाळपासून एकेका गावाची मंडळी आपला रेशमी रंगवलेला झेंडा आणि पितळी वाद्यांचं बँड घेऊन गल्ल्यांतून चालत येतात. एल्व्हेट पुलावरून, रॉयल काउंटी हॉटेलच्या सज्जाखाली थांबतात, तिथे आपली खास धून वाजवतात आणि पुढे रेसकोर्सच्या मैदानावर. आपल्या माणसाला हे बघताना दिंड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपापल्या गावचा झेंडा, आपापली जागा, म्हातारी माणसं आणि कडेवरची पोरं एकाच रांगेत. पूर्वी वर्षभरात खाणीत कुणी दगावलं असेल तर त्या गावच्या झेंड्यावर काळं कापड बांधत. दुपारी काही झेंडे वाजतगाजत कॅथेड्रलमध्ये नेतात. खाणी बंद होऊन तीसहून जास्त वर्षं झाली तरी लोक येतात. डोळ्यांत पाणी येतं.

पदवीची मुलं तोपर्यंत घरी गेलेली असतात. मास्टर्सवाल्यांना प्रबंधासाठी उन्हाळाभर राहायचंच असतं, त्यांनी चुकवू नये. आणि रेल्वेच्या उंच पुलाजवळच्या, व्हायाडक्ट म्हणतात त्या भागात घर घेतलंत तर तिथून जवळच रेडहिल्स आहे, १९१५ चं खाणकामगारांचं सभागृह. एकेका खाणीचा प्रतिनिधी ठराविक आसनावर बसायचा. बघून या.

---

दगडीजिना

वर सगळं खरं आहे, पण घराबद्दल कुणी लिहिलं नाही. ते लिहायलाच हवं.

पहिल्या वर्षी कॉलेजात खोली मिळते. दुसऱ्या वर्षापासून बहुतेकांना बाहेर पडावं लागतं. गाव लहान, विद्यार्थी फार, त्यामुळे घरांची घाई सुटते. पहिलं सत्र धड सुरू झालं नाही तोच पुढच्या वर्षीच्या घराची बोलणी सुरू. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एजंटच्या दारासमोर मुलं रात्रभर रांगेत बसली होती, इथल्या वर्तमानपत्रांत फोटो आले होते. ज्यांच्याशी ओळख होऊन महिनाही झाला नाही त्यांच्याबरोबर घराचा करार करायचा. अठरा वर्षांच्या मुलांवर हा ताण येणं मला चुकीचं वाटतं, आणि विद्यापीठानं जितक्या जागा तितकीच मुलं घ्यावीत असं माझं ठाम मत आहे.

माझ्या घरात बाथरूमच्या भिंतीला बुरशी होती. एजंटचं म्हणणं, तुम्ही खिडकी उघडत नाही. आम्ही शेवटी तारखेसह फोटो काढून, सगळा पत्रव्यवहार ईमेलवरच ठेवून अनामत परत मिळवली. त्यामुळे नियम माहीत असू द्या. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावीच लागते. त्याची पावती मागा. घरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा, गादीचा, शेगडीचा फोटो काढा. बाहेरच्या मुलांकडे ब्रिटनमधला जामीनदार मागतात, तो नसेल तर काय पर्याय आहे हे सही करायच्या आधी लेखी विचारून घ्या.

---

वेअरकाठची

दगडीजिना, शंभर टक्के. यात भर एवढीच की याची दुसरी बाजूही आहे. रांगेतल्या घरांत पूर्वी कुटुंबं राहायची. एकेक घर विद्यार्थ्यांना भाड्यानं जात गेलं आणि काही गल्ल्यांत सुट्टीच्या दिवसांत दिवा लागेना. २०१६ पासून इथे साध्या घराचं विद्यार्थ्यांचं घर करायला परवानगी काढावी लागते. शेजारी एखादं म्हातारं जोडपं राहत असेल तर त्यांनी पंचवीस वर्षांत पंचवीस तऱ्हेचे शेजारी पाहिलेले असतात. राहायला गेल्याबरोबर दार वाजवून नाव सांगा, कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर काढायचे ते विचारा. आमच्या शेजारच्या आजींनी तेवढ्यावरच आम्हाला आपलं केलं. पुढे त्यांच्या बागेतली रूबार्ब यायची, आमच्याकडून शिरा जायचा.

---

अबोली_१२

किती उपयोगी माहिती देताय सगळे. एक विचारते, स्पष्ट सांगा. मुलगी रात्री लायब्ररीतून एकटी परतणार. गाव सुरक्षित आहे का? आणि नदीबद्दल काहीतरी वाचलं, तेव्हापासून झोप नाही.

---

वेअरकाठची

ताई, स्पष्टच सांगते. गाव सुरक्षित आहे. मी रात्री उशिरा एकटी येते-जाते. गावात ओळखीचा चेहरा भेटतोच, मोठ्या शहरासारखं हरवून जायला होत नाही.

नदीचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०१३ ते २०१५ या काळात तीन विद्यार्थी रात्री परतताना नदीत बुडून गेले. गाव हादरलं होतं. त्यानंतर काठाची तपासणी झाली, दिवे लागले, कठडे घातले, मुलांना रात्री सुखरूप पोहोचवायची सोय वाढली. धोका कुठे आहे ते मात्र समजून घ्या. काठावरची वाट झाडीतली, ओली आणि पानांनी निसरडी असते. दिवसा तिच्यासारखी सुंदर वाट नाही. रात्री मात्र त्या वाटेनं जायचंच नाही, वरच्या रस्त्यानं यायचं. आणि कुणी प्यायलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. तुमची मुलगी पीत नसेल तरी हे तिला सांगा, कारण बहुतेक वेळा सोबत जाणारी तीच असेल.

---

पहाटवारा

मला वेगळं विचारायचंय. डरहॅममध्ये श्रीमंत खासगी शाळांतली मुलं फार असतात असं ऐकलं. गाऊन घालून जेवणं, बॉल म्हणजे नाचाच्या मेजवान्या, वगैरे. साध्या घरातल्या भारतीय मुलाला तिथे कसं वाटतं?

---

टेकडीवरचा

खरं आहे, खासगी शाळांतली मुलं इथे इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांपेक्षा जास्त आहेत. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही, वाईट आहे) सगळ्यात परकं वाटतं ते इथल्याच, ईशान्येकडच्या मुलांना. २०२० मध्ये इथल्याच एका विद्यार्थिनीनं अहवाल तयार केला होता, उत्तरेकडचे उच्चार ऐकून वर्गात कशी टिंगल होते त्यावर. माझा खोलीशेजारी संडरलँडचा, इथून तासाभराच्या आत घर. तो म्हणायचा, मी माझ्याच मुलखात पाहुणा आहे. आम्ही दोघं त्यामुळेच जवळ आलो.

गाऊनचं जेवण काही कॉलेजांत नेमानं असतं, काहींत नाहीच. उस्टिनोव्हसारख्या ठिकाणी वातावरण साधं, निम्म्याहून जास्त मुलं बाहेरदेशची. मला स्वतःला मेणबत्त्यांच्या उजेडातली ती जेवणं आवडली. बॉलची तिकिटं महाग असतात, मी गेलो नाही, कुणी विचारलंही नाही. पैसे लागत नाहीत अशा गोष्टी इथे खूप आहेत. पहाटेचं नौकानयन (दर वर्षी जूनमध्ये नदीवर शर्यती होतात, १८३४ पासून), ओरिएंटल म्युझियम, कॅथेड्रलमधली संध्याकाळची गायनप्रार्थना. कुठल्याही धर्माच्या माणसानं जाऊन मागे बसावं. जाड गोल खांबांवर कोरलेल्या रेषा आहेत, गाणं सुरू असताना त्यांच्याकडे बघत बसायचं.

मनोरा तेवढा चढू नका. ३२५ पायऱ्या आहेत, आणि पदवी मिळायच्या आधी चढला तो पास होत नाही अशी इथली पक्की समजूत आहे. मी पाळतो.

---

टाईनकाठ

हिवाळ्याचं कुणीच लिहिलं नाही. डिसेंबरात पावणेचारच्या आधी सूर्य मावळतो. दुपारच्या तासाला गेलात की बाहेर येईपर्यंत काळोख. पदवीची मुलं नाताळला घरी जातात, आपली मुलं मागे राहतात, आणि त्या तीनचार आठवड्यांत फार एकटं वाटतं. माझ्याकडे दर वर्षी काही मुलं जेवायला येतात. त्यातले जे रोज दुपारी उजेडात अर्धा तास चालतात ते बरे राहतात, हे मी इतकी वर्षं बघतोय. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, इथलं आरोग्य खातंच हिवाळ्यात त्या घ्यायला सांगतं. आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदवायला जाऊ नका.

जूनमध्ये याच्या उलट. रात्री पावणेदहाला सूर्य मावळतो.

---

पहाटवारा

आणि नोकरी? सत्र चालू असताना २० तास करता येतं ना?

---

वेअरकाठची

हो, आठवड्याला २० तास. पण छोट्या गावात अशी कामं थोडी आणि मागणारे हजारो. कॅफे, कॉलेजांचे बार, लायब्ररी, पर्यटकांची दुकानं. बरीच मुलं न्यूकॅसलला जातात, मग प्रवासात वेळ आणि पैसा. फीचा भाग अशा कामातून निघेल असा हिशेब घरी मांडू नका. खर्चाला हातभार लागेल इतकंच धरा.

शिक्षणानंतरच्या नोकरीसाठी गावात फारसं काही नाही, मुलाखती लंडन, लीड्स, न्यूकॅसल, एडिंबराला. शिक्षण संपल्यावर थांबून काम करता येणाऱ्या व्हिसाची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांची होणार आहे, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं कायम. मास्टर्सचं वर्ष डोळ्यांदेखत जातं. म्हणून अर्ज ऑक्टोबरातच सुरू करा, प्रबंध झाल्यावर बघू म्हणू नका. ज्याला शिकता शिकता मोठ्या शहरातल्या कंपन्यांत उठबस हवी आहे त्याला मी डरहॅम सुचवणार नाही. ज्याला एक वर्ष नीट वाचायचं, लिहायचं, माणसं जोडायची आहेत त्यानं डोळे मिटून यावं.

---

अबोली_१२

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. स्वतः रांधता येईल असंच कॉलेज मागणार म्हणते. गाला बघायचं तिनं आत्ताच ठरवलंय. शेवटचं एक, लोकर इथून घेऊ की तिकडे?

---

टेकडीवरचा

काकू, आतले थर्मल आणि मोजे तिकडून आणा, स्वस्त पडतात. वरचा कोट आणि बूट इथेच घ्या, इथल्या पावसाला तिकडचे टिकत नाहीत. गावात धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, जून संपता संपता घरी जाणारी मुलं तिथे चांगले कोट देऊन जातात. सप्टेंबरात आल्याबरोबर तिला तिथे घेऊन जातो. कुठल्या तारखेला पोहोचणार ते व्यनि करा, स्टेशनवर उतरवून घ्यायला येऊ. टेकडी चढायची आहे, बॅगा जड असणार.